झाड कबूल आहे

सर, या वर्षभरात कोर्टात मला तुमची पुष्कळदा आठवण झाली, आणि खरं सांगायचं तर दर वेळी ती आदरानंच झाली असं नाही. एखादा माणूस कठड्यात गप्प उभा असतो, न्यायाधीश त्याच्याकडे बघत असतात, डोक्यावर पंखा कुरकुरत असतो, आणि माझ्या कानात तुमचा आवाज येतो: मौनं संमतिलक्षणम्. तोच आवाज, न चढवता शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मग मी मनातल्या मनात म्हणते, सर, तुम्ही जरा गप्प बसा, इथे माझं काम चाललंय. तुम्हाला गप्प बसा म्हणायची हिंमत मला तुम्ही गेल्यावरच आली, हेही मान्य करते.

तुम्हाला ते फळ्यावरचं चित्र आठवत असेल की नाही, कोण जाणे. आमचा दहावीचा वर्ग. मधल्या सुट्टीत कुणीतरी फळ्यावर एका पायावर उभा असलेला बगळा काढला होता, चष्मा लावलेला, आणि खाली संस्कृतात एक ओळ. तुम्ही वर्गात आलात, चित्र नीट निरखलंत, खडू घेतलात आणि आधी त्या ओळीतली विभक्तीची चूक दुरुस्त केलीत. मग वळून विचारलंत, ‘हे कोणाचं?’ कुणी बोलेना. तुमची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. माझे कान लाल झाले होते. माझे कान कशानंही लाल होतात, लग्नात हार घालतानासुद्धा झाले होते, पण तुम्हाला तो पुरावा वाटला. ‘तू?’ मी काही बोलले नाही. तेव्हा तुम्ही ते सुभाषित म्हणालात आणि मला व्हरांड्यात उभं केलंत. शाळेसमोरच्या मोकळ्या पथारीवर मिरची वाळत टाकलेली होती, वारा आमच्याच बाजूचा. थोड्या वेळानं तुम्ही बाहेर येऊन पाहिलंत तर माझ्या डोळ्यांतून धारा लागलेल्या. तुम्ही जरा मऊ आवाजात म्हणालात, ‘पश्चात्ताप झाला ना, बस झालं, चल आत.’ नंदुरबारच्या मिरचीनं आजवर कितीजणांना पश्चात्ताप करायला लावला असेल, सर, याचा तुम्ही कधी विचार केला नाहीत.

रविवारी मी नेहमीसारखी तुमच्याकडे तर्क शिकायला आले. तुमच्या घरात बसायची जागा म्हणजे स्वयंपाकघर, कारण बाहेरच्या खोलीत पुस्तकं बसलेली असत. काकू कळण्याची भाकरी थापतायत, तव्यावर ती फुगते, तुम्ही पाटावर, मी दाराशी. मी म्हटलं, ‘सर, तुम्ही लाल कानांवरून अनुमान केलंत, पण हा हेतू सदोष आहे. तो चोराच्याही ठायी दिसतो आणि माझ्याही.’ तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आपलंच शास्त्र आपल्यावर उलटलेलं पाहून गुरूला आनंद व्हावा की राग यावा, हे तुमचं ठरत नव्हतं. शेवटी विचारलंत, ‘मग तोंड का उघडलं नाहीस?’ मी म्हटलं, ‘मला बघायचं होतं.’ ‘काय बघायचं होतं?’ ‘कोण उठतं ते.’ काकू आधी हसल्या. तुम्ही मात्र गंभीरपणे म्हणालात, ‘ज्याला उत्तर माहीत असतं आणि जो देत नाही, त्याच्यात आणि खोटं बोलणाऱ्यात मला फरक दिसत नाही.’ काकूंनी माझ्या ताटात लसणाची चटणी वाढली आणि विषय बंद झाला. तुमच्या त्या वाक्याशी मात्र मी अजून भांडते आहे. यंदा तर अख्खं वर्ष भांडले.

तुम्हाला मी संस्कृतची प्राध्यापक व्हायला हवी होते. मी वकील झाले. नाराजी तुम्ही तुमच्या पद्धतीनं व्यक्त केलीत: सनद मिळाल्यावर शिंप्याकडून काळा कोट शिवून आणून दिलात, जाड लोकरीचा, आतून अस्तर लावलेला. एप्रिल महिन्यात, नंदुरबारात. मी काकूंना विचारलं होतं की हे प्रेम आहे की सूड. त्या म्हणाल्या, ‘त्यांचं दोन्हीत फारसं अंतर नसतं.’ तो कोट घालून मी पहिली काही वर्षं काढली, आणि इतका घाम गाळला की समोरच्या वकिलाला वाटे, हिची बाजू कच्ची आहे.

आता विधी सेवेतर्फे काम करते. म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार वकील देतं, तो वकील मी. तुम्हाला एक बातमी सांगायची राहिली: फौजदारी कायद्यांची नावं आता बदलली आहेत. न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम. तुम्ही असतात तर एकेका समासाचा विग्रह करत बसला असतात. माझ्या पक्षकारांना आधीची नावं कळत नव्हती, आताचीही कळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाजूनं पाहिलं तर परंपरा अखंड आहे.

तर तो माणूस. सातपुड्यातल्या काठी गावाच्याही वरच्या अंगाच्या एका पाड्यातला, पन्नाशीच्या आसपासचा, सडपातळ. त्याच्यावर आरोप असा की त्यानं जंगलात आग लावली. होळी झाली की मोह गळायला लागतो, आणि फूल गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. एका सकाळी अशीच एक आग झाडाखालून सरकली, वाऱ्याबरोबर वनखात्याच्या रोपवनात शिरली, आणि तिथली रखवालीची झोपडी जळाली. झोपडीत कुणी नव्हतं, हे नशीब. वनरक्षक धावत वर गेला. ज्या मोहाखालून आग निघाली तो मोह या माणसाचा. वनरक्षकानं विचारलं तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, ‘झाड माझं, मी भरून देतो.’ झालं. सात वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम लागलं, जामीन झाला, आणि तो तारखेला डोंगर उतरून आमच्या तालुक्याच्या कोर्टात आला.

त्या सकाळी त्याची फाईल माझ्या हातात पडली. व्हरांड्यात भेटले, मराठीत काही विचारलं. तो दर प्रश्नाला मान हलवत होता, आणि ती मान होकाराची की नमस्काराची हे मला कळायच्या आत पुकारा झाला. न्यायाधीश तरुण, कोकणातून बदलून आलेले. त्यांनी दोषारोप वाचून दाखवला, साध्या मराठीत समजावला, तेही न चिडता. मग विचारलं, ‘गुन्हा कबूल आहे?’ त्यानं हात जोडले आणि म्हणाला, ‘हो साहेब.’

सर, अशा वेळी कोर्टात एक प्रकारचं समाधान पसरतं. सरकारी वकील फाईल मिटायला लागतात. लिपिकाची बोटं कळफलकावर जातात. एक प्रकरण निकाली निघालं, सगळ्यांचं जेवण वेळेवर होणार. मी उठले आणि म्हटलं, साहेब, कबुली नोंदवण्याआधी मला वेळ हवा, आणि आरोपीला कळेल अशा भाषेत बोलणारा दुभाषा हवा. न्यायाधीश म्हणाले, ‘मॅडम, तो स्वतः हो म्हणतोय. मी समजावलंय.’ मी म्हटलं, ‘समजावलंत हे मी ऐकलं, साहेब. त्याला समजलं हे अजून ऐकलं नाही.’ हे वाक्य तुमच्या तालमीतलं होतं, आणि ते त्यांना आवडलं नाही. पण त्यांनी चष्मा काढून त्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं आणि दुपारची वेळ दिली. कबुली घ्यायची की नाही हे न्यायाधीशाच्या हातात असतं. घाईच्या दिवशी हा अधिकार आठवणं ही त्यांची सज्जनता.

बाहेर आले तर शिपाई दाराशीच. इतक्या वर्षांची ओळख, त्यामुळे बोलायला त्याला परवानगी लागत नाही. म्हणाला, ‘ताई, मानूस सोता हो म्हनी ऱ्हायना, मंग तुम्ही काब्र नही म्हनी ऱ्हायनात?’ मी म्हटलं, तेच शोधायला चाललेय.

खरी गंमत तर पुढेच होती. कडुनिंबाखाली त्या माणसाची टोपली ठेवलेली, वरून फडक्यानं बांधलेली. फडकं हललं. आत कोंबडा होता, चांगला तुऱ्याचा, गावठी. शिपायानं मागून येऊन आधी ‘नवापूरना शे का?’ अशी चौकशी करून घेतली, कारण नवापूरच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्यांबद्दल त्याचं मत वाईट आहे. मला मात्र प्रश्न पडला: शिक्षा भोगायला निघालेला माणूस बरोबर चादर आणतो, भाकरी आणतो, ती याच्याकडे होतीच. कोंबडा कशाला? कुतूहल हा माझा जुना आजार. तुम्हाला ठाऊक आहे. आणि सर, कायद्याच्या पुस्तकातल्या एकाही प्रश्नानं जे उघडलं नसतं ते या प्रश्नानं उघडलं.

दुभाषा म्हणून जवळच्या आश्रमशाळेतले एक शिक्षक मिळाले. तेही त्याच डोंगरातले, बी.एड. झालेले, जरा थट्टेखोर. आम्ही तिघं कडुनिंबाखाली बसलो. मी म्हटलं, विचारा, कोंबडा कुणासाठी. ते विचारतात, तो सांगतो, हे हसतात, मग मला सांगतात, ‘मॅडम, हा वनरक्षकासाठी आहे. झोपडी जळाली ना त्याची.’ बांबूही तोडून ठेवलेत म्हणाला, झोपडी बांधून द्यायला. मी विचारलं, तुम्ही आग लावली म्हणून? यावर त्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुम्ही पाहायचात, मूर्ख प्रश्नाची कीव करून. शिक्षकांनी त्याचं म्हणणं सांगितलं: झाड माझं म्हणून.

हळूहळू उलगडलं ते असं. त्यांच्या पाड्यात एखाद्या झाडाखालून आग निघाली, एखाद्या झाडाची फांदी पडून कुणाचं छप्पर मोडलं, तर पंच बसतात आणि एकच विचारतात: झाड कुणाचं? ज्याचं असेल तो चार माणसांत उभा राहतो, माझं म्हणतो, नुकसान भरून देतो, कोंबडा कापला जातो, आणि ती गोष्ट तिथेच संपते. आग कुणी लावली, हे विचारत नाहीत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, पण कधीच विचारत नाहीत? शिक्षकांनी विचारलं. तो माणूस साधेपणानं म्हणाला, विचारलं की दोन घरं कायमची तुटतात. झोपडी तर त्यानं उभी राहत नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळी कोर्टानं एक विचारलं आणि यानं दुसऱ्याच गोष्टीला हो म्हटलं. न्यायाधीशांचं मराठी त्याला बरंचसं कळलं होतं. त्याचं चुकलं ते इतकंच की त्यानं कोर्टाला पंच समजून उत्तर दिलं. मी शिक्षकांना म्हटलं, सोपं आहे, त्यांना सांगा की साहेब पुन्हा विचारतील तेव्हा नाही म्हणा. शिक्षक बोलले आणि पहिल्यांदाच त्या माणसाचा चेहरा बंद झाला. त्यानं मान हलवली, आणि या वेळी ती कशाची होती ते मला दुभाष्याशिवाय कळलं.

‘मॅडम,’ शिक्षक म्हणाले, आता ते हसत नव्हते, ‘तो म्हणतो, नाही म्हटलं की झाड गेलं.’

आजाचं झाड. जमीन वनाची, त्यामुळे कागदावर कुठेच काही नाही. त्या मोहाचा सातबारा म्हणजे वेळ आली तेव्हा चार माणसांत उभं राहून म्हटलेलं ‘माझं’, एवढाच. आणि संकट आलं तेव्हा यानं झाड नाकारलं, ही गोष्ट डोंगरात त्याच्या आधी पोचली असती. बरोबर आलेली पाड्यातली दोघं भिंतीला टेकून बसलेलीच होती. मग उद्या त्या मोहाखाली कुणीही टोपली घेऊन उभं राहावं. वर्षातले काही महिने त्याचं घर त्या फुलांवर चालतं. म्हणजे पाहा, सर: हो म्हटलं तर तुरुंग, नाही म्हटलं तर झाड. आणि तो हिशोब त्यानं घरूनच करून आणला होता. म्हणून चादर.

इथे मला तुमच्याशी पुन्हा भांडायचं आहे. तुमच्या सुभाषितात गप्प राहणाऱ्याला जागाच नाही. तो आपोआप ‘हो’च्या बाकावर जाऊन बसतो. कायद्यानं मात्र एक तिसरी जागा ठेवली आहे. आरोपी गुन्हा कबूल करू शकतो, नाकबूल करू शकतो, किंवा उत्तरच देत नाही. आणि उत्तर दिलं नाही, तर कोर्टानं ते कबुली धरायचं नाही; पुरावा आणायचं ओझं ज्यानं आरोप केला त्याच्यावर, आणि खटला पुढे चालवायचा. इतकी वर्षं मी हे कलम वापरते, पण ते कशासाठी आहे हे मला त्या कडुनिंबाखाली समजलं. ज्याला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही, अशा माणसासाठी कुणीतरी कधीतरी ही जागा राखून ठेवली. कुणी ठेवली असेल? तुम्हाला विचारायचं होतं, आपल्याकडे असं कुठे आहे का. शास्त्रार्थात गप्प बसला तो हरला, एवढंच मला आठवतं.

मी शिक्षकांना समजावलं, त्यांनी त्याला. फार वेळ लागला. मोठ्या माणसानं विचारल्यावर गप्प राहायचं, ही कल्पनाच त्याला असभ्य वाटत होती. शेवटी त्यानं एकच विचारलं: झाडाचं बोललं तर चालेल का? मी म्हटलं, चालेल. तेवढ्यात तारखेला आलेला वनरक्षक चहाला म्हणून तिकडून निघाला. या माणसानं टोपली उचलली आणि सरळ त्याच्यासमोर धरली. बिचारा वनरक्षक, तापीकाठचा, नुकतं लग्न झालेलं पोर, दोन पावलं मागे सरला. ‘मी हाऊ कोंबडा कसा लेऊ? मन्ही नोकरी जाई!’ साक्षीदाराला आरोपीकडून कोंबडा, तोही कोर्टाच्या आवारात. मी शिक्षकांना खूण केली. शिक्षकांनी टोपली हातातून काढून घेतली. संध्याकाळच्या जीपनं कोंबडा परत डोंगर चढला. त्या दिवशी कोर्टातून पूर्ण निर्दोष सुटलेला तो एकटाच.

दुपारी न्यायाधीशांनी दुभाष्याला शपथ दिली आणि पुन्हा विचारलं. तो गप्प. त्यांनी प्रश्न सोपा करून विचारला. तो पायांच्या अंगठ्यांकडे बघतो. मी पाहते आहे की त्याचे ओठ हलतायत, तो सभ्य माणूस आहे, त्याला हे सहन होत नाही, आता तो हो म्हणणार आणि सगळं पाण्यात. मग तो बोलला. शिक्षक म्हणाले, ‘झाड माझं आहे, असं म्हणतो.’

‘झाडाचं मी विचारलं नाही,’ न्यायाधीश म्हणाले. ‘आग लावली का?’

यावर काहीच नाही. पंखा, बाहेर जीपचा हॉर्न. न्यायाधीश माझ्याकडे बघतात, मी फाईलकडे बघते. मग त्यांनी लिपिकाला सांगितलं, लिहा, आरोपीनं उत्तर दिलं नाही, खटला पुढे चालेल. मी खाली बसले तेव्हा माझे कान लाल झालेले असणार. सुदैवानं या कोर्टात त्याला पुरावा मानत नाहीत.

चिंचपाड्याच्या दवाखान्यात मी तुम्हाला शेवटची भेटायला आले होते, त्या दिवसाशी मला इथे थांबायला हवं. खिडकीतून चिंच दिसत होती, तुम्ही उशीला टेकून बसला होता, आणि प्रकृतीची चौकशी करू न देता तुम्हीच माझी उलटतपासणी सुरू केलीत. म्हणालात, ‘तू चोराचीही बाजू घेतेस?’ मी म्हटलं, चोर आहे हे ठरेपर्यंत तो चोर नसतो, सर. ‘मग कोणी केलं हे तुम्हाला कळतं कसं?’ मी ऐटीत म्हटलं, ते कळायची आम्हाला गरज नसते. सिद्ध झालं की नाही, एवढंच बघायचं. तुम्ही माझ्याकडे इतकं निराश होऊन पाहिलंत. ‘कळायची गरज नाही, असं शास्त्र कसलं गं?’ नर्सबाई औषध घेऊन आल्या आणि तुमचा प्रश्न तिथेच राहिला.

साक्ष पुढे काही तारखांनी झाली. वनरक्षक प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक साक्षीदाराची उलटतपासणी घेणं हे आमच्या धंद्यातलं सुख. धूर कुठून पाहिलात? खालच्या चौकीवरून. आग कुठे होती? मोहाखाली, तिथून वर. हे सगळं कबूल. तुमचं ते तर्काचं उदाहरण, डोंगरावर धूर म्हणून डोंगरावर आग, सातपुड्यात अगदी रोज सिद्ध होतं. धुरावरून आग मिळते. पण आगीवरून आग लावणारा मिळत नाही, सर, तो वेगळाच मुद्दा आहे, आणि अख्खा खटला त्याच फटीतून निसटला. मी विचारलं, आग लावताना कुणाला पाहिलं? तो म्हणाला, ‘मी कोनलेबी देखं नही.’ झाडाखाली कोण कोण येतं? घरची सगळीच येतात, बाया, पोरं, पाहुणेसुद्धा. पाड्यात झाडवाला नुकसान भरून देतो, ही रीत तुम्हाला माहीत होती? होती. मग तो ‘भरून देतो’ म्हणाला, तेव्हा ‘मी लावली’ असं म्हणाला का? पोरगं त्या माणसाकडे वळलं. मग म्हणालं, ‘नही. आग मी लायी, आसं नही म्हना तो.’ कोकणातल्या न्यायाधीशांना ते दोनदा विचारून घ्यावं लागलं. दुभाषा आरोपीला हवा की आपल्याला, असा क्षणभर त्यांचाही गोंधळ झाला.

शेवटी कोर्ट आरोपीलाच विचारतं, तुझ्याविरुद्ध हे हे आलं, तुला काय सांगायचं आहे. तिथेही त्यानं तेवढंच सांगितलं. झाड माझं. बाकी प्रश्नांना गप्प. आता तो त्यात बराच सराईत झाला होता.

काल निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. शिक्षकांनी त्याला सांगितलं, सुटलास. तो हलला नाही. त्यानं हळूच काहीतरी विचारलं आणि शिक्षक भर कोर्टात मोठ्यानं म्हणाले, ‘अरे, झाड तुझंच!’ न्यायाधीशांनी मान वर केली, पण रागावले नाहीत. तो माणूस कठड्यातच खाली बसला, उकिडवा, आणि हातानं तोंड पुसत राहिला. पाड्यातली दोघं पुढे आली आणि त्याला उठवून घेऊन गेली.

मी पाठोपाठ जीपच्या थांब्यावर गेले. काही कारण नव्हतं. काम संपलं होतं, दुसऱ्या दोन तारखा बाकी होत्या. टपावर पोती चढत होती. मी शिक्षकांना म्हटलं, आता विचारा त्यांना. शिक्षक म्हणाले, ‘काय, मॅडम?’ मी म्हटलं, आग कुणी लावली ते. ‘खरंच विचारू?’ विचारा म्हटलं, आता त्यानं काही होत नाही, मला फक्त जाणून घ्यायचं आहे.

त्यांनी विचारलं. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला, गप्प, मी शिकवलं होतं तसा. मग त्यानं शिक्षकांना काहीतरी विचारलं आणि ते कानाची पाळी चोळत मला म्हणाले, ‘तो विचारतो, ताईंच्या कोर्टाचं संपलं ना?’

मी म्हटलं, हो, संपलं. तो हात जोडून जीपमध्ये चढला आणि दार लागलं.

जीप वळणापलीकडे गेल्यावर शिक्षकांनी मला विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं, मॅडम? कुणी?’ मी म्हटलं, मला काही वाटत नाही. वाटून घेणं हे माझं काम नव्हे. छान वाक्य होतं, तेही मान डोलवून गेले. पण सर, ते खोटं होतं. तो माझ्याकडे बघत गप्प उभा होता तेवढ्यात मी त्याला मनात दोषी ठरवून मोकळी झाले होते, साक्ष नाही, पुरावा नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, आणि तेही टपालात न टाकता.